बेचाळीस बटणं

निरोपाची भेट म्हणून मिळालेली चार भिंतीवरची घड्याळं पाळकसाहेबांनी एकाच खोक्यात भरली, मध्ये उशी कोंबली आणि वरून सुतळी बांधली. चारही चालू होती. निघणाऱ्या माणसाला वेळ बघायला एक घड्याळ पुरतं, हे मंडळीत कुणालाच सुचलं नव्हतं.

"बॅटऱ्या तरी काढा," बायको म्हणाली. "वाटभर टिकटिक ऐकायची का?"

"राहू दे," ते म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच राहू दे म्हणत.

बारा वर्षं, म्हणजे चांगलं एक तप, त्यांनी याच चर्चच्या मंडळीत काढलं होतं. लग्नं लावली, बाप्तिस्मे दिले, माणसं पुरली. दोन महिन्यांपूर्वी वरून बदलीचं पत्र आलं, ते त्यांनी वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि जेवायला बसले. बायकोने विचारलं, "वाईट वाटतंय का?" त्यांनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

आता पाळक म्हटला की त्याचं दुःखसुद्धा शास्त्रातूनच जाणार. जाण्याच्या गोष्टींची तिथे काय कमी आहे? पाळकसाहेबांनी एकेक काढून स्वतःला लावून पाहिली. अब्राहाम पत्ता न विचारता निघाला. यांच्याकडे नव्या घराची किल्लीसुद्धा येऊन पडली होती. मोशेला डोंगरावरून पुढचा देश दिसला आणि तिथेच त्याचं संपलं; यांना पुढे काही दिसत नव्हतं आणि संपतही नव्हतं. पायाची धूळ झटकून निघा असं शिष्यांना सांगितलं होतं, पण ते कुठे? तर जिथे कुणी ऐकून घेत नाही तिथे. इथली माणसं बिचारी बारा वर्षं ऐकत होती. लोटाची बायको मागे वळून बघायला गेली आणि मिठाचा खांब झाली. पाळकसाहेबांना वळून बघावंसंच वाटत नव्हतं, आणि मीठ तर आधीच झालं होतं.

शेवटच्या रविवारी त्यांनी पौलाच्या निरोपावर उपदेश केला. समुद्रकाठी सगळे वडीलजन त्याच्या गळ्यात पडून रडले, तो भाग. चर्चभर रुमाल निघाले. ऑर्गन वाजवणारी बाई तर इतकी रडली की शेवटच्या गीताचं एक कडवंच गाळून बसली. पाळकसाहेब व्यासपीठावरून छताच्या पंख्याकडे बघत होते. तो पंखा सात वर्षांपासून कटकट करत होता आणि त्यांना त्या कटकटीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. बोलणं मात्र तोंडातून बिनचूक येत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, पण सवयीच्या माणसाचा पोहरा रिकामा असला तरी खणखणतो छान.

तर असं सगळं होऊन आजचा बुधवार उजाडला होता. तीन वाजता ट्रक निघायचा होता आणि एकच काम राहिलं होतं. काजवाली मावशी.

"तिच्याकडे जाऊन या," बायको म्हणाली. "ट्रक तिच्याच घरावरून जाईल. मी खालून हॉर्न वाजवायला सांगते, लगेच उतरा. गप्पा मारत बसू नका."

"गप्पा कसल्या? दोन अध्याय वाचायचे आणि यायचं."

ते खरंही होतं आणि नव्हतंही. पाळकांमध्ये एक शिरस्ता असतो, की एकदा मंडळी सोडली की मागे नाक खुपसायचं नाही. फोन नाही, भेटी नाहीत; ती माणसं आता नव्या पाळकाची. म्हणजे मावशीला जे सांगायचं ते आज सांगायचं, नाहीतर कायमचं पोटात ठेवून हिंडायचं. आणि सांगायचं होतं. सात वर्षं सांगायचं होतं.

मावशीने चाळीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं केली, बटणं लावली. काजाची मशीन आली तरी कॉलरखालचं काज मालक तिच्याच हातचं मागायचा. त्यापायी डोळे गेले, मग गुडघे गेले, आणि दोन जिने उतरून चर्चला येणं थांबलं. पाळकसाहेब तेव्हा नवीन होते, उत्साह उतू जात होता. म्हणाले, "मावशी, दर बुधवारी मी येईन. पहिल्या पानापासून वाचू, दोन-दोन अध्याय."

"सगळे मिळून किती?" तिने विचारलं होतं.

"अकराशे एकोणनव्वद."

"मग मी मेल्याशिवाय काही संपत नाही," असं म्हणून तिने कारखान्यातून आणलेली जोड नसलेली बटणं बोटांनी मोजून एका पत्र्याच्या डब्यात भरली. एक अध्याय झाला की त्या डब्यातलं बटण उचलायचं आणि शेजारच्या डब्यात टाकायचं. टक. पाळकसाहेबांना त्याची गंमत वाटायची.

पाचव्या वर्षी तिचा एकुलता एक मुलगा गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा. एकतीस वर्षांचा, हसरा, आईसारखाच जिभेने तिखट. कुणीतरी खालून बटण दाबलं आणि सहाव्या मजल्यावरून तो खाली गेला. शवपेटीशी उभं राहून पाळकसाहेब बोलले. चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणून गेले, "देवाला आपल्या घरी एक चांगला कारागीर हवा होता." लोकांनी माना डोलावल्या. आईने मान डोलावली नाही. तिने नुसता चेहरा त्यांच्याकडे वळवला, आंधळी माणसं आवाजाकडे वळवतात तसा, आणि तेवढ्यात पाळकसाहेबांना कळलं की आपण माती खाल्ली.

पुढच्या बुधवारी वाचायला बसले तर एस्तेरची गोष्ट आदल्याच आठवड्यात संपलेली. पुढे ईयोब. ज्याची लेकरं एका दिवसात मरतात, तो. त्याला समजवायला मित्र येतात, पानंच्या पानं शहाणपण सांगतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच संतापतो. पाळकसाहेबांनी बेचाळीस अध्याय चिमटीत धरले आणि उलटवले. स्तोत्रं सुरू केली. मनाशी म्हणाले, तिला आत्ता त्रास नको. कुणाला त्रास नको होता ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आंधळ्या बाईला काय कळणार, असंही कुठेतरी वाटलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवसापासून आत काहीतरी जे बसलं ते बसलंच. त्यानंतर कुणाच्याही मयतीला त्यांचा आवाज कापला नाही.

मावशीच्या खोलीत नेहमीचं सगळं होतं. पलंग, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर टाकलेली चादर, पाळकसाहेबांची लाकडी खुर्ची, आणि स्टुलावर दोन डबे.

"आलात? बाई कुठे?"

"खाली ट्रकबरोबर येतेय. तीनला."

"घड्याळं किती मिळाली?"

"चार."

"मी पाचवं देणार होते," मावशी म्हणाली. "पोरीने दुकानातून रिकाम्या हाताने परत येऊन सांगितलं, संपलीत. सगळी तुमच्याकडेच गेलीत म्हणे." ही पोरगी म्हणजे शेजारची, मावशीचं बाजारहाट बघायची.

एरवी पाळकसाहेब हसले असते. आज तोंड हसल्यासारखं केलं, तेही तिला दिसणार नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं. अगदी शेवटचे दोन अध्याय राहिले होते. नवं आकाश, नवी पृथ्वी, डोळ्यांतलं पाणी पुसून टाकणारा देव, मरण नाही, रडणं नाही. त्यांनी सरळ वाचून काढलं, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं. पहिल्या अध्यायानंतर टक. दुसऱ्यानंतर टक.

"झालं, मावशी. संपलं सगळं."

मावशीने पहिला डबा उचलला आणि हलवला. खळखळ झाली. चांगली मूठ-दीड मूठ बटणं असावीत.



"बेचाळीस आहेत," मावशी म्हणाली. "सकाळी मोजली तेव्हा चव्वेचाळीस होती, दोन आजची गेली. म्हटलं हिशेबात आपलीच चूक नको."

 पाळकसाहेब डब्याकडे बघत राहिले.

"एस्तेरनंतर स्तोत्रं कधीपासून यायला लागली हो? आमच्या रविवारच्या शाळेतल्या बाईंनी सहासष्ट पुस्तकांची नावं पाठ करून घेतली होती. चुकलं की मांडीला चिमटा. मी आंधळी झाले पाळकसाहेब, विसरभोळी नाही झाले."

"तेव्हाच कळलं?"

"त्याच बुधवारी. म्हटलं, घाबरलाय माणूस, पुढच्या वेळी वाचेल. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात. मग मीही हट्टाला पेटले. बघू म्हटलं, किती वर्षं मूग गिळून बसतो ते."

"कुणाकडून तरी वाचून घ्यायचं ना मग."

"वाचून घेतलं की. पोरीने वाचलं, दोन रविवारी सगळं. पण ते तिचं वाचणं. ती बटणं तुमची होती."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पाळकसाहेब त्या पंपाचा आवाज ऐकत बसले. मग म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी जे बोललो..."

"आधी वाचा," ती म्हणाली. "बेचाळीस आज होत नाहीत. दोन वाचा."

त्यांनी अर्ध्याहून मागे पानं उलटली. त्या पुस्तकाची ती पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. बारा वर्षांत एकदाही बोट लागलं नव्हतं. ते वाचू लागले. माणूस चांगला होता. गुरं गेली, मेंढरं गेली, मग वारा आला आणि लेकरं ज्या घरात जेवत होती ते घर कोसळलं. इथे ते थांबले. मावशीने चेहरा त्यांच्याकडे वळवला, तसाच, त्या दिवशीसारखा.

"वाचा," ती म्हणाली. "माझ्यावर पडून झालंय ते."

टक. दुसरा अध्याय. अंगभर फोड, राखेत बसलेला माणूस, आणि लांबून आलेले तीन मित्र. त्याला पाहून ते मोठ्याने रडले, आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. सात दिवस, सात रात्री. कुणी एक शब्द काढला नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं होतं.

"बास," मावशी म्हणाली. "इथपर्यंत तिघंही शहाणे होते. पुढे तोंड उघडलं आणि वाया गेले."

टक.

"मला काय बोलावं ते कळलं नव्हतं, मावशी," पाळकसाहेब म्हणाले. "म्हणून बोललो. अजूनही माझ्याकडे उत्तर नाही."

"मागितलं होतं कुणी? देवाच्या घरी लिफ्ट कशाला लागते हो? तिथे काय बंद पडतंय?" तिचा आवाज चढला नाही. "सात वर्षं तेवढंच माझ्या डोक्यात फिरतंय. पोराला आठवायला गेले की मध्ये तुमचं वाक्य येतं. नुसते येऊन बसला असतात ना, तर चाललं असतं मला."

"चुकलो," पाळकसाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले, नाहीतर त्यांच्याकडे माफीवरचे तीन-चार तयार उपदेश होते.

 पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून शिवणयंत्रावर ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि पलंगाला टेकून खाली जमिनीवर बसले. बसताना गुडघा वाजला. ते छप्पन्न वर्षांचे होते आणि असं जमिनीवर बसायची सवय राहिली नव्हती.

बराच वेळ गेला. मग मावशीने हात पुढे केला, खुर्चीच्या दिशेने, खांद्याच्या उंचीवर. हाताला काही लागलं नाही. तिने पाठ चाचपली, बसायची फळी चाचपली. तिचा चेहरा एकदम बदलला. तिला वाटलं, गेला माणूस, न सांगता जिना उतरला. पाळकसाहेबांनी तो चेहरा पाहिला आणि तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"खाली बसलात होय," मावशी म्हणाली. हात तिथेच राहिला. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं खडबडीत झालेली होती.

आणि मग पाळकसाहेबांना तो पोरगा आठवला. शवपेटीतला नव्हे. चर्चमधल्या शिडीवर चढलेला, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून पंख्याची कटकट घालवणारा. दर उन्हाळ्याआधी न बोलावता यायचा. वरून म्हणायचा, पाळकसाहेब, तुमचा उपदेश लांबला तर हा पुन्हा वाजायला लागेल, सांगून ठेवतो. सात वर्षं पाळकसाहेबांना शवपेटीशी बोललेल्या त्या वाक्याची लाज वाटत होती, आपल्या चुकीची लाज, आपल्या गप्प बसण्याची लाज. पोराचं वाईट वाटायला त्यांना सवडच झाली नव्हती. ते आत्ता वाटलं. एकतीस वर्षांचा पोरगा होता, आणि मेला.

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ते उठले नाहीत. मग जिन्यावर बायकोची पावलं आली, तरातरा, रागाची.

"अहो, ट्रकवाला..." दारात येऊन ती थांबली. नवरा जमिनीवर, चष्मा हातात, मावशीचा हात त्याच्या डोक्यावर, आणि नवऱ्याचे खांदे हलताहेत. तिने दोन महिने वाट पाहिली होती याची.  दाराशी चपला काढल्या, आत आली आणि दुसऱ्या बाजूला पलंगाला टेकून बसली.

"बाई का?" मावशीने विचारलं.

"हो," बायको म्हणाली, आणि त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. ट्रकवाल्याने आणखी तीनदा हॉर्न वाजवला आणि मग इंजिन बंद केलं.