नोंद बदलली की मी हाक मारतो

मी एक ट्रिगर बोलतोय. मला रंगरूप नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये, रक्ततपासणीच्या नोंदींना चिकटून बसलेल्या प्रोग्रामच्या अकरा ओळी म्हणजे मी. नोंद बदलली की मी त्याच क्षणी वॉर्डच्या पडद्यावर संदेश धाडतो. चालढकल मला माहीत नाही. माझ्याइतका तत्पर या इमारतीत दुसरा कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती नसली तरी.

मला लिहिणाऱ्या प्रोग्रामरला सगळे ताई म्हणतात. गार झालेला चहा पीत तिने मला एका दुपारी जन्म दिला. लॅबमध्ये नमुना आला की कोरी नोंद उघडते आणि तपासणी झाली की तिच्यात आकडा भरतात. म्हणून ताईने मला एवढंच शिकवलं, की नोंदीत बदल झाला की हाक मार. चार वर्षं मी ते चोख केलं.

मग लॅबमध्ये आकडे भरायला मावशी रुजू झाल्या. भारी टापटिपीच्या. आकडा चुकला तर त्या तो दुरुस्त करत नसत, आख्खी नोंद पुसून नवी लिहीत. "खाडाखोड मला बघवत नाही," म्हणायच्या.

एका सकाळी त्यांनी वॉर्डातल्या एका आजोबांचं पोटॅशियम ३.६ भरलं. मी लगेच कळवलं. सगळं ठीक दिसलं, म्हणून आजोबांना घरी सोडायचं ठरलं. थोड्या वेळाने मावशींनी यंत्रातून आलेला कागद पुन्हा पाहिला. आकडा ६.३ होता. एवढ्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं. त्यांनी घाईघाईने नोंद पुसली आणि आकड्यासकट नवी लिहिली.

मी ढिम्म. एक नोंद गेली, एक आली. बदललं असं माझ्या लेखी काहीच नव्हतं. वॉर्डच्या पडद्यावर ३.६ तसंच राहिलं.

धोक्याचा आकडा दिसला की सिस्टर दोन मिनिटांत खाली फोन करत. आज फोन आला नाही, हे मावशींना खटकलं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दोन मजले चढून गेल्या.

"सिस्टर, आजोबांना थांबवा. सहा पूर्णांक तीन आहे."

"अहो, पण पडद्यावर तर..."

"पडदा राहू दे. मी सांगतेय ना."

आजोबांना पुन्हा पलंगावर घेतलं, इंजेक्शन दिलं, आणि ते वाचले. मला मात्र फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ताई लॅबमध्ये आली. "मावशी, तुम्ही नोंद पुसता, हे मला सांगायचं ना."

"तू कधी विचारलंस?"

ताईने खुर्ची ओढली. अर्धा दिवस ती मावशींचं काम बघत बसली. मग तिने मला नवी नोंद आणि पुसलेली नोंद, दोन्ही ऐकायला शिकवलं. आता मी सतरा ओळींचा आहे आणि पुन्हा ताठ मानेने काम करतो.

उद्या माझ्या जागी दुसरं काही येईल. खुशाल येऊ दे. पण ते लिहिणाऱ्यांनो, आधी नोंदी करणाऱ्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसा. तुम्ही सांगाल ते मी कधी विसरत नाही, पण न सांगितलेलं मला कळत नाही. त्या सकाळी आजोबा मुलीचा हात धरून लिफ्टपर्यंत पोचले होते.