डोळे आधी

तळहाताएवढ्या चकतीवर चेहरा काढायची कला श्रीरंजनीला तंजावरच्या आजोबांनी शिकवली. ते हस्तिदंतावर काढत, ती बैलाच्या हाडावर. कलेबरोबर घरची एक रीतही आली: डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, तेही माणूस समोर असताना. चित्राचे डोळे उघडले की बसणारा मोकळा. तोवर त्यानं उठायचं नाही. राजांनासुद्धा हे चुकत नसे, असं तिनं पेरुंगुडीच्या या फ्लॅटमध्ये काम ठरवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

आज समोर अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. बसल्या कसल्या, बसवल्या होत्या. अंगात ताप, पाठीला उशा, नऊवारी पिनांनी अंगावर डकवलेली. नथीच्या ओझ्यानं नाक लाल झालं होतं. गळ्यातले दागिने सराफाकडून आजच्यापुरते आणलेले. सुनेनं, रम्यानं, त्यांच्या सुकल्या ओठांवर लिपस्टिक ओढली होती. ती भेगांत उतरली आणि ओठ चिरल्यासारखे दिसायला लागले.

मुलगा संताजी एरवी त्यांना अम्मा म्हणायचा. बाहेरचं कुणी आलं की अम्माची आईसाहेब व्हायची. लेकीच्या लग्नात हे चित्र फेट्यावर तुऱ्यासारखं खोवून तो व्याह्यांपुढे उभा राहणार होता. फोटो कुणीही काढतं, राजे चितारी बसवतात, असं त्याचं म्हणणं. तंजावरच्या राजघराण्याशी नातं नेमकं कुठून, असं विचारलं की फार लांबून सुरुवात करायचा आणि मध्येच कॉफी मागवायचा.

म्हातारीनं पाणी मागितलं. लिपस्टिक जाईल, रम्या म्हणाली. मग म्हातारीनं जरा आडवं होऊ द्या म्हटलं. संताजी लाडानं हसला.

"डोळे कुठे झालेत अजून, आईसाहेब? रीत आहे यांची. राजेसुद्धा उठत नसत."

श्रीरंजनी जवळ सरकली. पावडरीचा वास, सेंटचा वास, तापाचा वास. आणि आपल्याच आजोबांची रीत, दाव्यासारखी त्या म्हातारीच्या पायात. अन्नपूर्णाबाई तिच्याकडेच बघत होत्या. आटल्या विहिरीच्या तळाशी आभाळाचा तुकडा उरावा, तसे ते डोळे.

कपाळ नाही, गाल नाही, हनुवटी नाही. कोऱ्या चकतीवर तिनं आधी डोळेच काढले.

"डोळे उघडले," ती म्हणाली. "आता आईसाहेबांना समोर ठेवू नका. चित्राला दृष्ट लागते."

दृष्टीचं तिनं तिथल्या तिथे रचलं होतं. पण संताजी दचकला. मग दागिन्यांचं काय, त्यानं विचारलं. ते कुणीही घालून बसलं तरी चालेल, असं तिनं सांगितलं आणि कुणाची वाट न बघता म्हातारीला आत नेलं. पिना काढल्या, नऊवारी आणि दागिने उतरवून रम्याकडे दिले, पाणी पाजलं. अन्नपूर्णाबाईंनी तिचा हात धरला.

"पुढच्या खेपेला मेल्यावर ये गं लेकी. तेव्हा मुळीच हलणार नाही मी."

ती बाहेर आली तर खुर्चीत संताजी. रम्याला व्हिडिओ काढायचा होता म्हणून दागिने त्यानंच चढवले होते. नथ नाकाला चिमटली होती, नऊवारी खांद्यावरून घेतली होती. ओशाळला असेल असं तिला वाटलं. पण त्याची मान उंच झाली होती, पापण्या जड झाल्या होत्या. त्याला आवडत होतं.

"आईसाहेबांची हनुवटी बसकी आहे," तो हळूच म्हणाला. "माझी टाकता येईल?"

रंग गुंडाळावेत आणि घरी जायची तिरुवल्लिकेणीची बस धरावी, असं तिच्या मनात आलं. पण काम अर्धं राहिलं तर उद्या दुसरा चितारी येईल, पुन्हा खुर्ची, पुन्हा उशा, पुन्हा पिना. आत म्हातारीला गाढ झोप लागली होती. घोरणं बाहेर ऐकू येत होतं.

"जरा डावीकडे बघा, राजे," श्रीरंजनी म्हणाली. कुंचल्याचं टोक तिनं ओठांत धरून बारीक केलं. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ते तिनं गिळलं आणि म्हातारीच्या डोळ्यांखाली त्याची हनुवटी काढायला घेतली.