भरलेली बाटली

सातवीतल्या मुंगीची पाण्याची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला ना कडी, ना पाणी. म्हणून ही पोर दिवसभर घोटभरही पाणी पीत नसे. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, तेव्हा कुठे घरच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचे बाबा प्लंबर. गावभरचे नळ दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतःची लेक कोरडी! हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून आठवीसाठी शाळा बघायला निघताना त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं, "निकाल तू विचार, प्रयोगशाळा तू बघ. मी एकच गोष्ट बघणार."

"अहो, चारचौघांत तेवढं तरी विचारू नका. आणि ती पाना-पकडीची पिशवी ठेवा घरी."

"पिशवी नसली की मला हातच नसल्यासारखं वाटतं."

पहिल्या शाळेत काचेचं दार, गुळगुळीत फरशी, संगणकांची रांग. आईचा चेहरा खुलला. बाबांनी विचारायचं ते विचारलंच. कारकुनाने खिशातून मुलींच्या संडासाची किल्ली काढली. आत सगळं चकचकीत. बाबांनी नळ सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं.

"किती दिवसांनी उघडलंत?"

"पाहुणे आले की उघडतो. एरवी मुली घाण करतात ना!"

बाबांनी नळ बंद केला आणि लेकीचा हात धरून तडक बाहेर पडले.

दुसरी शाळा जुनी, रंग उडालेली. "इथे काय बघायचंय?" आई फाटकातच कुरकुरली. तेवढ्यात मुख्याध्यापिका तरातरा आल्या. बाबांची पिशवी बघून म्हणाल्या, "आलात एकदाचे! सकाळपासून तीन फोन केले. चला, मुलींच्या बाजूचा नळ आहे. मधल्या सुट्टीला वीस मिनिटं उरलीत."

आई काही बोलणार, तोच बाबांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि ते निमूटपणे बाईंच्या मागे निघाले.

नळाच्या वायसरचा पार भुगा झाला होता. फरशी ओली, साबण झिजून चपटा. पाचही दारांच्या कड्या मात्र नीट लागत होत्या. एक तर अगदी नवी.

"उद्यावर ढकलू नका हं," बाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या. "सगळी टाकी गळून जाते, आणि इथे पाणी नसलं की मुली पाणी प्यायचंच सोडतात."

बाबांच्या हातातला पाना थांबला. "तुम्हाला कसं कळतं?"

"सुट्टीत त्यांच्या बाटल्या बघते ना मी."

दहा मिनिटांत नळ गळायचा थांबला. "काय द्यायचं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"प्रवेशाचा अर्ज द्या. आठवीचा."

बाई चक्रावल्या. मग दारातल्या मायलेकींकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही पालक! मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आधी प्रयोगशाळा दाखवली असती."

"दाखवणारच! चांगली आहे आमची."

"मला दाखवा," आई हसत म्हणाली. "माझं तेवढंच काम राहिलंय."

बाबा कार्यालयात अर्ज भरायला बसले. जन्मतारखेपर्यंत आले असतील नसतील, तोच शेजारी गटागटा आवाज सुरू झाला.

"अगं, हळू! ठसका लागेल."

मुंगीने तोंड पुसलं आणि रिकामी बाटली त्यांच्या हातात कोंबली.

"बाबा, तू लिही. मी जाऊन येते," म्हणत ती पळाली.