कोऱ्या कागदाचा चमत्कार

हॉल गच्च भरला होता आणि स्टेजवर चित्रगुरू एकेकाची भीती पुसत होते. जे आठवून दरदरून घाम फुटतो, ते त्यांनी दिलेल्या पेनाने कागदावर काढायचं. मग कागद मखमली टेबलावर ठेवून ते वरून हात फिरवत, आणि बघता बघता काळ्या रेषा गायब! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"कागद कोरा, मन कोरं! आता गोळ्या कशाला? टाका या बादलीत!" ते पायाशी ठेवलेल्या बादलीकडे बोट दाखवत.

प्रेक्षकांत बसलेल्या टेलरबाईंचा धाकटा भाऊ वर गेला. तो अग्निशमन दलात होता. गोदामाच्या आगीत सोबतचा जवान गेल्यापासून नुसतं दार आपटलं तरी तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. चार महिने औषध घेऊन आत्ता कुठे त्याला झोप लागत होती. त्याने पेटलेला जिना काढला, जिना पुसला गेला आणि पठ्ठ्याने खिशातल्या गोळ्या बादलीत टाकल्या. टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. औषध एकदम बंद करू नका म्हणून डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं!

तो कागद घेऊन हसत खाली आला. टेलरबाईंनी कागद हातात घेतला, तर गरम. त्यांनी कपाळावर हात मारला. असल्याच पेनाने त्या रोज कापडावर खुणा करत. इस्त्री फिरली की खुणा नाहीशा. फक्त एकदा शीतगृहाचा मुकादम नवा कोट घेऊन तणतणत परत आला होता, तिथल्या थंडीत सगळ्या खुणा पुन्हा उमटल्या म्हणून!

त्या तडक मागच्या उपाहारगृहात गेल्या, कागद आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि पंधरा मिनिटांनी स्टेजवर चढल्या. जिना आगीसकट परत आला होता.

"श्रद्धा कमी पडली, ताई," गुरू म्हणाले.

टेलरबाईंनी मखमल ओढली. खाली विजेची शेगडी. "ही घ्या तुमची श्रद्धा. बटणावर चालते!"

"पण लोकांना बरं वाटलं ना?" पुढच्या रांगेतली मावशी म्हणाली.

"चित्र काढून वाटलं असेल, मावशी! माझ्या भावाच्या डॉक्टरांकडेसुद्धा चित्रं काढून घेतात, पण गोळ्या चालू ठेवून. कुणाला गोळीने उतार पडतो, कुणाला बोलून, कुणाला दोन्ही लागतं. ते तपासून ठरवायचं असतं!"

एवढं सांगूनही दोघं गोळ्या टाकायला बादलीकडे सरकलेच. डोकं आपटावं तरी कुठे?

भाऊ मात्र कागदाकडे बघत होता. "ताई, या पायरीवर माझ्या हातातून त्याचा हात सुटला." इतक्या महिन्यांत हे तो पहिल्यांदाच बोलला. त्यांनी त्याला जवळ घेतलं.

मागून एक आजोबा आले आणि बादलीत वाकले. सुट्ट्या गोळ्या, अर्धवट पाकिटं, सगळ्यांचं सगळं एकत्र.

"बाई, यातल्या माझ्या कुठल्या?"

टेलरबाईंना रडू आवरेना. "अंदाजाने एकही उचलू नका, आजोबा. चला, आम्ही डॉक्टरांकडेच निघालोय. ज्यांनी ज्यांनी टाकल्यात, त्यांनीही या."