नखाएवढी फोड

“मावशी, हे खरबूज म्हणायचं की काकडी?” निवृत्त मास्तरांनी अर्धं कापलेलं फळ गाडीवर ठेवलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं.

त्यांनी दुसरं खरबूज दिलं, पण ते तरी गोड निघेल याची खात्री त्यांनाच नव्हती.

पंचवीस वर्षं त्या याच कोपऱ्यावर फळं विकत होत्या. बाजारात पेटीतलं एक फळ चिरायचं, फोड तोंडात टाकायची आणि मगच पेटी उचलायची, हा त्यांचा शिरस्ता. लोक डोळे झाकून घेत. पण सात महिन्यांपूर्वी रक्तात साखर निघाली आणि मावशींनी जिभेला कुलूपच घातलं. साखर उतरली. मात्र नुसता वास घेऊन, टिचकी मारून केलेली खरेदी फसू लागली. आडत्याही वस्ताद, त्याने बेचव माल त्यांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली.

शेजारी पेरू निवडत उभ्या असलेल्या नर्सबाईंनी सगळं ऐकलं. दवाखान्यात मावशींचं रक्त त्याच तपासायच्या.

“चाखून नाही आणलंत?”

“मला फळ बंद आहे ना!”

“कुणी केलं बंद? डॉक्टर ‘बेतानं खा’ म्हणाले होते. मी तिथंच होते.”

मावशी हळूच म्हणाल्या, “बेतानं म्हणजे किती, ते कुठं सांगितलं? एवढंसं एवढंसं करत टोपली संपवणारी बाई मी. माझा मलाच भरवसा नाही हो.”

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुरी घेऊन एका पेरूचे चार भाग केले. “हा एक भाग. किंवा पपईच्या दोन बारीक फोडी, नाहीतर चार स्ट्रॉबेरी. दिवसाला एवढंच, तेही जेवणाला जोडून. रस नको, केळं-द्राक्षं सध्या लांबच. आणि फळ खाल त्या जेवणात भाकरी अर्धीच खायची. खाऊन झाल्यावर दोन तासांनी माझ्याकडे या, साखर बघू.”

दुपारी अंडी आणि भाजी खाऊन मावशींनी पेरूची ती फोड तोंडात टाकली. बिया दाताखाली कडकन फुटल्या. सात महिन्यांनी! उरलेले तीन भाग समोरच होते. हात पुढे गेला, थांबला. मग त्यांनी ते तिन्ही भाग बसची वाट बघणाऱ्यांना वाटून टाकले आणि दोन तासांनी दवाखाना गाठला.

“चालेल,” यंत्रावरचा आकडा बघून नर्सबाई म्हणाल्या. “जमेल तुम्हाला.”

पुढच्या आठवड्यात मावशी घरून पोटभर न्याहारी करून बाजारात गेल्या. आडत्याने पेटी पुढे सरकवली. “घ्या मावशी, साखर आहे नुसती!”

मावशींनी खरबूज चिरलं. नखाएवढी फोड काढली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

“ही नको.”

दुसरी पेटी. पुन्हा तेवढीच फोड. “हीही नको.”

“आज काय मावशी, मुहूर्त बघून आलात का?”

मावशींनी फडक्याने सुरीचं पातं पुसलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

आडत्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि मागे झाकून ठेवलेली पेटी दोन्ही हातांनी पुढे घेऊन आला.