साक्षीतून गाळलेली मुलगी

आमच्या बंधुराजांना एक खोड आहे. गोष्ट रंगात आली की थांबायचं म्हणून नाव नाही. लहानपणी याच पायी आईचा मार खाल्ला, पुढे याच पायी गुत्त्यात मित्र गोळा केले, आणि देवानं हाताला धरून बाहेर काढल्यावर त्याच जिभेच्या जोरावर पाळक होऊन हे व्यसनमुक्तीचं घर उभं केलं. तेव्हा त्या जिभेला नावं ठेवू नयेत. पण मी ठेवते. थोरली बहीण आहे त्याची, तेवढा हक्क आहे मला.

घर म्हणजे सुरुवातीला काय, तर चर्चच्या मागची शेड. मोडके बाक टाकायची जागा. बाक भिंतीला सरकवले, तीन गाद्या घातल्या आणि तीन दारुडे आणून झोपवले. त्यातला एक आठवड्याच्या आत माझं मोठं पातेलं घेऊन पसार झाला. बंधुराज म्हणाला, "ताई, त्याच्यासाठी प्रार्थना कर." मी म्हटलं, "आधी पातेल्यासाठी करते." पण उरलेले दोघे टिकले. त्यांनी आणखी चार आणले. हळूहळू खाटा आल्या, न्हाणीघर झालं, मागच्या अंगाला लोखंडकामाचा कारखाना झाला. स्वयंपाकघर पहिल्यापासून माझ्याकडे. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून म्हातारेसुद्धा.

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे साक्ष असते. एक जण उठून सांगतो, मी कोण होतो, काय काय केलं, प्रभूनं मला कसं उचललं. बाकीचे आमेन म्हणतात. सांगून टाकलं की माणूस हलका होतो, हे काही खोटं नाही. त्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

आमच्यात एक वेल्डर होता, त्या धंद्याच्याच नावानं सगळे त्याला हाक मारायचे; त्याला आमच्या दारात आणलं ते त्याच्या मुलीनं. एकटीनं, हातगाडीवर घालून. मिसरूड फुटायच्या वयात पोरं सिनेमाला जातात, ही पोर त्या वयापासून बापाला हुडकत हिंडायची. तो गटारात पडो, पोलीस चौकीत पडो, ही जाणार आणि घेऊन येणार. आई कधीच गेलेली. त्या दिवशी त्याला खाली उतरवून ती मला म्हणाली, "आत्या, आता यांना मला परत देऊ नका." पहिल्याच भेटीत आत्या म्हणाली. मी तिला आत नेऊन चहा दिला.

वेल्डर सुटला. वेळ लागला, पण सुटला. आणि एका रविवारी त्यानं साक्षीत जे सांगितलं, त्यानं आम्हा सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं. पोरगी लहान असताना त्यानं तिच्या चांगल्या हाताला पट्टी बांधली आणि बाजाराच्या दारात भीक मागायला उभं केलं. आई मेली म्हणून सांग, असं पढवलं. आई तेव्हा हिंडतीफिरती, चार घरची धुणी करत होती. पोरीनं पढवलं तसं सांगितलं आणि संध्याकाळी याची बाटली आली.

ती साक्ष गाजली. दुसऱ्या चर्चची माणसं ऐकायला येऊ लागली. बंधुराज त्याला घेऊन गावोगाव फिरला. आणि मुलीचं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी तिलाच येऊन सांगितलं, अगं, तुझ्या वडिलांची साक्ष काय सुंदर आहे.

ती तडक माझ्याकडे आली. मी बटाटे सोलत होते. तिनंही सुरी घेतली आणि सोलायला बसली. तीन-चार बटाटे झाल्यावर म्हणाली, "बाबांनी स्वतःचं पाप खुशाल सांगावं. पण बाजारात मी उभी होते, आत्या. ते माझं आहे." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आई त्यानंतर दोन वर्षांनी खरंच गेली. मी बोलले म्हणून गेली, असं मला किती वर्षं वाटायचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. होणाऱ्या नवऱ्यालाही नाही."

मी सुरी खाली ठेवली. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मी कानावर घातल्यावर वेल्डरनं पुढच्याच रविवारपासून तेवढा भाग गाळला. बंधुराजालाही मी समोर बसवून शब्द घेतला. "दिला," म्हणाला, आणि पाळलाही, बरीच वर्षं. वेल्डरची साक्ष मग अगदी सपक झाली. प्यायचो, आता पीत नाही, प्रभूची कृपा. लोक जांभया द्यायचे. पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, पोरीनं एकदा इथं यावं. तो शुद्धीत असताना तिचं त्याला असं कधी भेटायला येणं झालंच नव्हतं. लग्नानंतर ती औषधाच्या दुकानात कामाला लागली, तिला मुलगा झाला, पण आमच्या फाटकाच्या आत ती पाऊल टाकेना. दुधानं तोंड पोळलेलं, ताक फुंकूनच पिणार.

घराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा उपासना ठेवली. वेल्डर स्वतः तिच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्याबद्दल एक अक्षर निघणार नाही. ये." आणि ती आली. नवरा, सासू, कडेवर बाळ. वेल्डरनं त्या दिवशी दोनदा दाढी केली होती. नातवाला जे घेतलं ते कुणाला द्यायलाच तयार नाही. बाळानं त्याचे कान ओढले, चष्मा खाली टाकला, हा आपला हसतोय. मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोरगी सासूला म्हणाली, "बघा, आता हे दोघं आपल्याला विचारणार नाहीत." म्हणजे पुढेही येत राहायचं तिनं मनात धरलं होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं.

वेल्डरची पाळी आली. तो उठला, आपली सपक साक्ष दिली आणि बसला. मागच्या बाकावर एक नवा तरुण होता, आदल्या दिवशीच आईनं रडत आणून सोडलेला. तो उठून दाराकडे निघाला. बंधुराजानं ते पाहिलं. त्या पोराला कसंही करून थांबवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, हे मी आज मान्य करते. तेव्हा करत नव्हते.

"आपला वेल्डर लाजाळू आहे," तो म्हणाला. "पुढचं मी सांगतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मान हलवली, हात हलवले. तो बघेल तर ना. पट्टी सांगितली, बाजार सांगितला. आई जिवंत असताना आई मेली म्हणायला लावलं, ते तर दोनदा सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका डोळे पुसायला लागल्या. दाराशी गेलेला पोरगा थांबला. आणि मग बंधुराज प्रेमानं, अगदी पोटातल्या प्रेमानं म्हणाला, "आणि तीच मुलगी आज आपल्यात आहे. बेटा, उभी राहा."

ती उभी राहिली. दुसरं काय करणार होती? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूनं डोळ्यांत पाणी आणून तिचा हात धरला आणि कुरवाळत राहिली. नवरा तिच्याकडे असं बघत होता की आपण या बाईला ओळखतो का. वेल्डर मांडीवरच्या नातवाकडे बघत होता. त्यानं मान वर केलीच नाही.

ती रागावली नाही. चहा घेतला, केक खाल्ला, कप विसळायला आत आली. मी म्हटलं, "पोरी, त्याच्या वतीनं मी माफी मागते." तिनं कप पुसून पालथा घातला.

"तेव्हा निदान कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आत्या," ती म्हणाली, आणि बाळाला घ्यायला बाहेर गेली.

मी बंधुराजाला त्या रात्री जे बोलले ते पाळकाला बोलू नये. तो म्हणाला, "ताई, तो पोरगा थांबला." थांबला हे खरं. आजही इथंच आहे, माझ्याकडे कांदे चिरतो, दारूला शिवलेला नाही. त्याच्याकडे बघून मला धड रागावताही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी बंधुराज भानावर आला. औषधाच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्यामुळे बाबा जिवंत आहेत, ते मी विसरणार नाही. पण मी येणार नाही. आणि बाबांनाही सांगा, घरी येऊ नका. सासूबाई आता माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशा बोलतात." हे सांगताना माझा भाऊ पिठाच्या डब्यावर बसून रडला. मग त्यानं नियम केला, साक्षीत दुसऱ्याचं काही सांगायचं नाही. बैल गेला आणि झोपा केला.

घरातल्या सगळ्यांना एकच धास्ती, वेल्डर आता पिणार. डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पहारा. कारखान्यात कुणी ना कुणी उगाच बसलेला. आठवडे गेले, महिने गेले, तो प्यायला नाही. फाटकं करायचा, खिडक्या करायचा, वेळेवर जेवायचा. पण औषधाचं दुकान ज्या रस्त्याला आहे, त्या रस्त्याचं काम आलं की दुसऱ्याला पाठवायचा.

एकदा सगळे जेवून गेले आणि तो मागे राहिला. मी ताट वाढून समोर ठेवलं. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "खरं सांग. प्यावंसं वाटतं?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "आज प्यायलो तर उद्या ती येईल, ताई. कुठं पडलोय ते विचारत येईल. मला न्यायला ती कायम आलीये."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. पुढचं त्यानंच सांगितलं.

"म्हणून पीत नाही," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.