हाताला कसं लागतंय?

थप्पीतला वरचा कागद उचलला, तर खालचे पाच-सहा त्याला चिकटूनच आले. मालकांनी ते ओढून सोडवले, तेव्हा टरकन आवाज झाला आणि मुखपृष्ठावरच्या निळ्या आभाळाला पांढरी भगदाडं पडली.

“ओलं असतानाच रचलंय हे! वार्निशवाल्यानंच भेसळ केली असणार,” मालक म्हणाले. “नाहीतर तुझा अंगठा कधी चुकलाय?”

मशीनवरचा तो कारागीर खाली पडलेले कागद गोळा करू लागला. कागदावर वार्निश चढलं की ते वाळलं की नाही, हे तो अंगठा टेकवून सांगे. त्याने मान डोलावल्याशिवाय थप्पी रचली जात नसे. माणूस चांगला शिकलेला, पण सगळा छापखाना त्याला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवी, आणि त्यालाही ते आवडे. आज मात्र मालक वार्निशवाल्याच्या नावानं खडे फोडत होते आणि हा मूग गिळून बसला होता.

घरी त्याने उकळत्या पातेल्यावरचं झाकण नुसत्या हातानं उचललं. बायको बघतच राहिली.

“अहो, भाजलं नाही?”

“कामानं हात निबर झालाय.”

“काम मीही करते. मला भाजतं.” तिने त्याची बोटं हातात घेतली. “डॉक्टर म्हणाले होते ना, साखरेनं बधिरपणा येतो म्हणून? कधीपासून?”

“आज थप्पी चिकटली, तर मालक वार्निशवाल्यालाच दोष देतायत. खरं कळलं तर मला घरी बसवतील गं.”

“आणि त्या वार्निशवाल्याला नाही बसवणार कुणी?”

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो थेट मालकांपुढे उभा राहिला. “वार्निश चांगलं होतं. मलाच हाताला काही कळत नाही.”

मालकांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. “मग इतके दिवस चालवलंस कसं?”

“वासावर. आणि देवाच्या भरवशावर.”

मालकांना हसू आलं, पण त्यांनी त्याला मशीनवरून काढलंच. पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांना मुखपृष्ठांचे नमुने दाखवायला बसवलं. पगार तोच राहिला. तरी आत मशीन सुरू झालं की त्याला खुर्चीत बसवत नसे.

एकदा एक बाई आल्या. वडिलांनी लिहून ठेवलेल्या प्रवासाच्या आठवणी त्यांना छापायच्या होत्या.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच सांगा.”

“हे ग्लॉस. रंग उठून दिसतात, पण दिव्याखाली चकाकतं आणि बोटांचे ठसे उमटतात. हे मॅट, शांत दिसतं, पण ओरखडा लपत नाही. याला स्पॉट यूव्ही म्हणतात. बाकी सगळं मॅट ठेवून चमक फक्त पुस्तकाच्या नावावर. आणि हे वेल्वेट. हे बघून कळत नाही, हात लावा.”

बाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं.

“हाताला कसं लागतंय?” त्याने विचारलं. हे तो प्रत्येकाला विचारी. गिऱ्हाइकांना वाटे, बोलायची लकब असेल.

“बाळाच्या कानाच्या पाळीसारखं,” त्या म्हणाल्या आणि नमुना त्याच्यापुढे सरकवला. “बघा ना.”

त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग उलट दिशेनं, जरा दाबून, पुन्हा फिरवला.

“पाळीची पुढची बाजू,” त्याने विचारलं, “का मागची?”

बाई हसणार होत्या. पण त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटून बोट ठेवलं.

“मागची,” त्या म्हणाल्या.